पाच टक्के आणि आपला दाखला

आरक्षणाची बातमी आली की मित्र विचारतात, आपल्या पाच टक्क्यांचं काय झालं? जुलै २०१४ मध्ये अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण रोखलं, शिक्षणातलं मात्र रोखलं नाही. तरी नव्या सरकारने कायदा केला नाही. म्हणजे शिक्षणातलं आरक्षण कोर्टात नाही, विधानभवनात अडलं. ही मागणी सोडायची नाहीच.

पण मला राग आपलाही येतो. बागवान, अत्तार, पिंजारी ओबीसी यादीत आहेत. तरी कितीतरी मुलं ओपनमधून फॉर्म भरतात, कारण घरच्या कागदावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. दोस्तांनो, १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा दादाजानचा शाळेचा दाखला, महसुली नोंद शोधा. मोर्चाला या, पण आधी घरातली ती जुनी पेटी उघडा.