गोणीतला युरिया आणि जिवाची सुरुवात



तिकोणा पेठेच्या बाजूला भातलावणीच्या दिवसांत एक वाद हमखास ऐकू येतो. जुनी माणसे म्हणतात, शेणमूत हे जिवंत खत आणि युरिया मेलेले. पोरे म्हणतात, पीक कशाने येते ते बघा.

दोनशे वर्षांपूर्वी हाच वाद मोठमोठ्या शास्त्रज्ञांत होता. गोमूत्रात युरिया असतो. सजीवाच्या अंगाबाहेर तो बनूच शकत नाही, अशी तेव्हाची समजूत. १८२८ साली जर्मनीत व्होलर यांनी तो काचेच्या भांड्यात बनवला. गाय नाही, मूत्रपिंड नाही!

मग साहजिकच प्रश्न आला की, जीव जन्मण्याआधी त्याचे सामान पृथ्वीवर आले कोठून? १९५३ साली अमेरिकेत स्टॅनली मिलर या विद्यार्थ्याने पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन एका बंद भांड्यात घेऊन आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडल्या. पाणी तांबूस झाले. त्यात अमिनो आम्ले सापडली. आपल्या डाळीतली प्रथिने याच विटांची बनतात. पुढे कळले की, त्या काळची हवा बहुधा निराळी होती, कर्बवायू आणि नायट्रोजन जास्त. तेव्हा मिलरचेच खरे असे कोणी म्हणत नाही. पण १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही अमिनो आम्ले निघाली. म्हणजे हे सामान आकाशातही बनते. मात्र विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. घर कसे उभे राहिले हे कोडे अजून सुटलेले नाही.

हे सारे साडेतीनशे कोटी वर्षांहूनही आधीचे. तिकोण्याचा काळा कातळ त्यामानाने कालचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा.

विजेचे काम आजही चालू आहे. ती हवेतला नायट्रोजन फोडते आणि तो पावसाबरोबर शेतात उतरतो. पण एकरी फार थोडा. त्या भरवशावर इंद्रायणीचा हप्ता चुकवू नये.

राहिला आपला वाद. गोणीतला युरिया आणि मूत्रातला युरिया एकच. पण मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तेव्हा तो मुळाला लागतो, आणि त्या जिवाणूंचे पोट शेणखतावर भरते. म्हणून दोन्ही द्यावे. युरिया देताना खाचरातले पाणी काढावे, चिखलावर द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी बांधावे.