साहेब रजेवर आहेत

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला 'साहेब रजेवर आहेत' या वाक्याचा अर्थ नीट ठाऊक असतो. सही मिळणार नाही, कर्जाचा कागद हलणार नाही, सोमवारी या. त्यातून साहेब आजारी असले तर चहाच्या टेबलावर कुजबुज सुरू होते. परत येतील का? जागेवर कोण येणार?

म्हणूनच मिनियापोलिसला भाच्याकडे गेलो असताना त्याने सांगितलेली एक हकिगत मनातून जात नाही. तिथल्या मिनेसोटा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे. कॉलेजच्या पोरांचा खेळ, पण मैदान पन्नास हजारांचे. त्याला त्या काळी नावही एका बँकेचे होते, त्यामुळे मला उगाच आपुलकी वाटली.

या संघाचा मुख्य प्रशिक्षक जेरी किल. त्याला अपस्माराचा, म्हणजे आपण फेफरे म्हणतो तो विकार. सप्टेंबर २०११ मध्ये न्यू मेक्सिको स्टेटविरुद्धचा सामना संपायला काही सेकंद उरले असताना तो हजारो लोकांसमोर मैदानाच्या कडेला कोसळला. २०१३ मध्ये पुन्हा झटके आले, तेव्हा अशा माणसाने या जागेवर राहू नये, असे एका स्थानिक स्तंभलेखकाने लिहूनही टाकले.

विद्यापीठाने त्याला काढले नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो उपचारांसाठी रजेवर गेला आणि सूत्रे ट्रेसी क्लेज या सहायकाकडे आली. क्लेज त्याच्याबरोबर १९९०च्या दशकापासून होता. रजेनंतरचे सलग चार सामने संघाने जिंकले. त्यात नेब्रास्कावरचा विजय १९६० नंतरचा पहिला! मग किल परतला आणि २०१४ मध्ये त्यांच्या 'बिग टेन' या विभागातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

भाचा हे सांगत होता आणि मला १९९६ सालची माझी शाखा आठवत होती. आमच्या हेड कॅशियरला काउंटरवरच फेफरे आले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली. कुशीवर वळवायचे असते, एवढेही आम्हा शिकल्यासवरल्यांना माहीत नव्हते. शुद्धीवर आल्यावर तो एवढेच म्हणाला, ''साहेब, बाहेर बोलू नका. बहिणीचं जमतंय.''

मी बोललो नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवले. त्याचा भत्ता गेला आणि हाती टपालाची वही आली. न बोलताही सगळ्या शाखेला कळायचे ते कळले. 'तुझ्या भल्यासाठीच' असे मी त्याला म्हणालो. खरे म्हणजे कॅशमध्ये फरक पडला तर जबाबदारी माझी, ही भीती होती. चार दिवस रजा घे, औषध चालू कर, मग बघू, असे मी म्हणू शकलो असतो. पण त्याच्या जागी दुसरा तयार केलेला नव्हता आणि ती चूकही माझीच होती.

त्या वेळी कायदासुद्धा माझ्यासारखाच होता. अपस्माराचे वारंवार झटके ही हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणारी बाब होती. १९९९ साली ती वगळली गेली. कायदा सुधारला, पण स्थळ बघताना औषधाच्या गोळ्या कपाटात लपवण्याची पद्धत अजून गेलेली नाही.

किलची गोष्ट गोड शेवटाची नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रकृतीपायी त्याने राजीनामा दिला, तोही सर्वांसमोर रडत. म्हणजे त्या स्तंभलेखकाचे बरोबर होते का? मला तसे वाटत नाही. झेपत नाही हे किलने स्वतः ठरवले आणि मधली दोन वर्षे त्याला मिळाली. दुसरी फळी तयार होती, म्हणून संस्थेला तेवढी सवड देता आली. पुढे २०२२ मध्ये तो पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाला. संघ कोणता? ज्याच्याविरुद्ध खेळताना तो कोसळला होता, तोच न्यू मेक्सिको स्टेट. २०२३ मध्ये त्या संघाने दहा सामने जिंकले.

आमचा कॅशियर आवक-जावकवरूनच निवृत्त झाला. त्याच्या निरोप समारंभाचे बोलावणे मला आले होते. मी गेलो नाही. पाठवायची तार मात्र तयार होती: कामाच्या गडबडीमुळे येता येत नाही.