हेल्मेट नको, फोन करा

‘हेल्मेट, बॅग, डबा ठेवला नाही तर शिबिराला कुत्रंही फिरकत नाही,’ असं रक्तदान शिबिरांचे आयोजक छातीठोकपणे सांगतात. उलट बाजूचे म्हणतात, नेमाने रक्त देणं हे पुण्यवंतांचं काम, तो पिंडच वेगळा. मला दोन्ही म्हणणी साफ अमान्य आहेत.

वस्तूसाठी आलेला माणूस पुढच्या वेळी वस्तू असेल तिथे जाईल. शिवाय झालेली कावीळ फॉर्मवर लपवण्याचा मोह त्यालाच जास्त. पिशवीतल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस, मलेरिया अशी तपासणी होते खरी. पण संसर्ग अगदी ताजा असला तर तो निसटू शकतो. तिथे भरवसा दात्याच्या खऱ्या उत्तरावरच. रक्तविक्री बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावलं होतं, ते उगाच नाही.

आणि पुण्यवंत? वर्षानुवर्षं देणाऱ्यांना विचारून पाहा. कुणाला कॉलेजात मित्राने ओढून नेलेलं असतं, कुणाच्या घरी ऐनवेळी बाटली मिळता मिळता नाकी नऊ आलेले असतात. ही झाली सुरुवात. नेम लागतो तो त्यानंतर नीट वागवल्यामुळे आणि पुन्हा बोलावल्यामुळे.

वागणूक कुठे बिघडते तेही सांगतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. बुडला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, म्हणजे चालतं. तरंगत राहिला की ‘तुमचं नाही चालणार, पुढे कोण?’ एवढ्यावर बाईची बोळवण होते. (घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बायकांचा हा थेंब तरंगतो, याचं आपल्याला काहीच वाटू नये?) रक्त कमी आहे, डॉक्टरांना दाखवा, वाढलं की जरूर या, एवढं सांगायला मिनिटही लागत नाही. ते न ऐकता गेलेली बाई परत येत नाही.

पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका दिवसात शेकडो पिशव्या जमवून भागत नाही. तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स ५ दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. पुरुषाला ३ महिन्यांनी, बाईला ४ महिन्यांनी पुन्हा देता येतं. तेव्हा हेल्मेटांचे पैसे वाचवून रक्तपेढ्यांनी फोन करणारं एक माणूस नेमावं. मे महिन्यात कॉलेजं ओस पडतात, कुटुंबं गावी जातात. त्या महिन्याचे फोन एप्रिलमध्येच सुरू व्हायला हवेत.