परक्या पुराव्यावर आपली बाळे

जन्मताच न रडलेले, श्वास कोंडून निळे पडलेले मूल वाचवायचे तर त्याचे अंग ७२ तास गार ठेवावे, ही उपचारपद्धती २००५ नंतर युरोप-अमेरिकेत रूढ झाली. तिकडील पुरावा भक्कम होता; आपल्याकडील काही मोठ्या रुग्णालयांनीही तिचा अंगीकार केला. पुढे बंगळूर, चेन्नई, मुंबई येथील तसेच श्रीलंका व बांगलादेशातील रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर तिची रीतसर परीक्षा झाली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गार ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. अतिदक्षता विभाग सुसज्ज होते, डॉक्टर कुशल होते. आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या मेंदूला इजा प्रसूतीच्या वेळी नव्हे, तर त्याआधीच होत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांसंबंधी लिहिताना हा दाखला आम्ही प्रथम देत आहोत, त्याला कारण आहे. बेळगाव-कारवारकडून बांबोळीस येणारी आजारी बालके गोमंतकीयांच्या परिचयाची आहेत. बिदर-कलबुर्गी मात्र आपल्या नजरेच्या टप्प्यापलीकडचे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवटीतून मुक्त झालेला आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्याकडे गेलेला हा मुलूख. औरादच्या पश्चिमेकडील खेड्यांना आजही उदगीर जवळचे वाटते, आळंद तालुक्याच्या कडेची माणसे अक्कलकोट-सोलापूरची वाट धरतात. अशा ठिकाणी अत्यवस्थ तान्ह्या मुलावर जे उपचार होतात ते कोणाच्या अनुभवावर बेतलेले असतात? बहुतेक वेळा दूरच्या, श्रीमंत देशांतील मुलांच्या.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, गरिबांच्या मुलांवर प्रयोग कशाला? आक्षेपामागील कळवळा आम्हांस मान्य आहे, तर्क मान्य नाही. न तपासलेला उपचार हासुद्धा प्रयोगच असतो. त्याची नोंद तेवढी कोणी ठेवत नाही. केनिया, युगांडा व टांझानियात तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांची २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. शिरेतून झपाट्याने द्रव देण्याची जगन्मान्य रीत तेथे पारखली गेली. द्रव झपाट्याने दिलेल्या दोन्ही गटांत ४८ तासांत दहा टक्क्यांहून अधिक मुले मरण पावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी झालीच नसती तर ही रीत तेथे निःशंकपणे चालू राहिली असती, आणि त्या मृत्यूंचा दोष आजाराच्या माथी मारला गेला असता.

सीमाभागातील वाचकांना अधिक जवळचा दाखला बेळगावचा आहे. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच मातेला डेक्सामेथासोन टोचल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. या जातीच्या औषधांचा हा गुण १९७२ साली न्यूझीलंडमधील दोघा वैद्यांनी दाखवून दिला होता. तेच औषध खेड्यापाड्यांतील आरोग्यसेवकांच्या हाती द्यावे, या सद्हेतूने सहा देशांत मोठी चाचणी झाली. भारतातून तीत बेळगाव व नागपूर होते. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब लागला, तेव्हा सर्वांत कमी वजनाच्या बाळांना लाभ झालेला दिसला नाही. उलट सर्व बाळे मिळून मृत्यूंचे प्रमाण औषधाच्या गटात दर हजारी ३.५ ने अधिक निघाले. औषध मिळालेल्या पुष्कळ स्त्रियांची बाळे पुढे पूर्ण दिवसांची जन्मली होती, म्हणजे त्यांना ते नकोच होते.

येथे एखाद्याने हात झटकले असते. तसे घडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली आणि बेळगाव तीतही होते. या वेळी सोनोग्राफीने गर्भाचे दिवस निश्चित केले गेले आणि बाळाची निगा राखण्याची सोय असलेलीच रुग्णालये निवडली गेली. २०२० साली निष्कर्ष आला: नवजातांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. औषध तेच, इंजेक्शन तेच. बेळगावच्या मातांनी व बाळांनी हे ज्ञान जगाला दिले आहे, आणि ते आपल्या प्राणांच्या मोलाने दिले आहे, हे स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे.

म्हणूनच आमची मागणी अशी की, बिदर व कलबुर्गीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि कलबुर्गीतील १९६३ पासूनचे महादेवप्पा रामपुरे महाविद्यालय यांनी आपल्या भागातील अत्यवस्थ बालकांचे प्रश्न स्वतः संशोधनास घ्यावेत. घटनेच्या ३७१ (ज) कलमाने या प्रदेशाला शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा मिळाल्या. पण येथील बाळ कशाने दगावते, हे सांगणारी काटेकोर नोंद कलमाने निर्माण होत नसते. सगळेच संशोधन खर्चिक असते असेही नाही. कमी वजनाच्या बाळाला जन्मापासूनच आईच्या छातीशी धरून ठेवल्यास काय होते, हे भारतासह पाच देशांत पारखले गेले. मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईला अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसविण्याची आपली जुनी सवय मात्र मोडावी लागली.

राहता राहिली संमतीची गोष्ट, आणि आमच्या मते तीच सर्वांत नाजूक. २०१९ च्या चिकित्सा-चाचणी नियमांनुसार संमतिपत्र संबंधितांना समजेल अशा भाषेत असावे लागते. बिदरमध्ये कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. मूल धाप टाकत असताना बापाने इंग्रजी वा कानडी कागदावर अंगठा उठविला, तर त्याला संमती म्हणावे काय? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला सीमादावा आपल्या गतीने चालो. भालकीच्या आईला तिच्या बाळावर काय होणार आहे हे मराठीत सांगायला त्याच्या निकालाची गरज नाही. आणि चाचणी संपल्यावर तिचा निष्कर्षही, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याच भाषेत तिच्या गावी पोहोचला पाहिजे. महाविद्यालयांच्या नीतिसमित्यांनी ही अट परवानगी देतानाच घालावी.