इशाऱ्याचे माप, शिक्षेचे माप

रवांडातील वंशसंहारावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चाललेल्या खटल्यांपैकी एक 'माध्यम खटला' म्हणून ओळखला जातो. त्यात तीन आरोपी होते. दोघे आरटीएलएम या रेडिओ केंद्राचे संस्थापक आणि तिसरा 'कांगुरा' या नियतकालिकाचा संपादक. रेडिओचा एक संस्थापक, फर्दिनां नाहिमाना, इतिहासाचा प्राध्यापक होता. दुसरा, जाँ-बॉस्को बारायाग्विझा, कायद्याचा पदवीधर. डिसेंबर 2003 मध्ये तिघेही वंशसंहाराच्या आरोपात दोषी ठरले. चार वर्षांनी, 28 नोव्हेंबर 2007 रोजी, अपील पीठाने त्यांच्या शिक्षा कमी केल्या. 6 एप्रिल 1994 पूर्वी या रेडिओवरून जे बोलले गेले, ती वंशसंहाराची 'थेट आणि जाहीर चिथावणी' होती हे सिद्ध होत नाही, असे पीठाने म्हटले. त्या तारखेनंतरच्या प्रसारणाचा गुन्हा मात्र कायम राहिला.

6 एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीजवळ पाडले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कत्तल सुरू झाली. म्हणजे आधीचे नऊ महिने ज्या आवाजाने तुत्सींना 'झुरळे' म्हणून हिणवले, लोकांची नावे घेऊन त्यांना शत्रूचे हस्तक ठरवले, तो आवाज कायद्याच्या तराजूत पुरेसा भरला नाही. कत्तलीतून वाचलेल्यांपैकी अनेकांना निकाल ऐकून संताप आला असेल. तरीही मला वाटते की पीठ आपल्या कामात चुकले नाही. माणसाला जन्मभर तुरुंगात टाकायचे, तर शब्द आणि कृती यांतला धागा संशयापलीकडे दाखवता आला पाहिजे. फौजदारी न्यायाचे माप कडकच असायला हवे. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा हेच माप न्यायालयाबाहेरची माणसे, म्हणजे मुत्सद्दी, मंत्री, संपादक आणि अधिकारी, इशारा द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी वापरतात.

रवांडात इशाऱ्यांचा तुटवडा नव्हता. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर राहत, एकाच चर्चमध्ये जात. बेल्जियमच्या राजवटीने 1930च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात छापली आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती रीत तशीच चालू ठेवली. साठ वर्षांनी नाक्यानाक्यावर तेच ओळखपत्र मागितले गेले आणि ज्याच्या ओळखपत्रावर 'तुत्सी' लिहिलेले असे, तो परत गेला नाही. डिसेंबर 1990 मध्ये 'कांगुरा'ने 'हुतूंच्या दहा आज्ञा' छापल्या. तुत्सी स्त्रीशी लग्न करणारा हुतू गद्दार, तुत्सीशी भागीदारी करणारा गद्दार, असा त्यांचा सूर. न्यायाधिकरणाला फक्त 1994 या एका वर्षातले गुन्हे तपासण्याचा अधिकार होता, त्यामुळे तो अंक स्वतंत्र गुन्हा म्हणून समोर येऊच शकला नाही.

संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, सेनेगलचे बाक्र वाली न्दियाय, एप्रिल 1993 मध्ये रवांडाला गेले होते. ऑगस्ट 1993 मधल्या अहवालात त्यांनी लिहिले की तिथल्या हत्यांमध्ये बळी केवळ जमातीमुळे निवडले जात आहेत आणि वंशसंहारविरोधी करार तिथे लागू होऊ शकतो. त्याच महिन्यात अरुशा येथे सरकार आणि बंडखोर यांच्यात शांतता करार झाला. सगळ्यांचे लक्ष कराराकडे होते, अहवाल बाजूला राहिला.

मग 11 जानेवारी 1994. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख, कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर यांनी न्यूयॉर्कला संदेश पाठवला. सत्ताधारी पक्षाच्या मिलिशियाला प्रशिक्षण देणाऱ्या एका माणसाने त्यांना सांगितले होते की किगालीतल्या सगळ्या तुत्सींची नोंद करण्याचा हुकूम त्याला मिळाला आहे. ही नोंद त्यांना संपवण्यासाठीच असावी, असा त्याला संशय होता. त्याची माणसे वीस मिनिटांत हजार जणांना मारू शकतील, असेही त्याने सांगितले. शस्त्रे कुठे लपवली आहेत ते दाखवायला तो तयार होता. दालेर पुढच्या 36 तासांत ती शस्त्रे ताब्यात घेणार होते. न्यूयॉर्कहून उत्तर आले: हे तुमच्या अधिकारकक्षेबाहेर आहे, ही माहिती राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घाला. ज्यांच्या पक्षाच्या मिलिशियाविरुद्ध माहिती होती, त्यांनाच ती सांगायची होती.

इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. दालेर यांना वंशसंहार सिद्ध करायचा नव्हता. त्यांना एक गोदाम उघडायचे होते. राजधानीत बेकायदा बंदुका साठवल्या जात आहेत, एवढे कळणे त्यासाठी पुरेसे होते. पण न्यूयॉर्कने प्रश्नच अधिकारकक्षेचा केला आणि ही लहान कृतीही थांबली.

पुढे काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. 7 एप्रिलला पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना आणि बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले गेले. बेल्जियमने आपले सैन्य काढून घेतले. 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने अडीच हजारांच्या शांतिसेनेची संख्या 270 वर आणण्याचा ठराव केला. त्या वर्षी रवांडा स्वतः परिषदेचा अस्थायी सदस्य होता. कत्तल घडवणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्याच टेबलाभोवती बसून तिच्यावरची चर्चा ऐकत होता. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या जूनमध्येसुद्धा 'वंशसंहाराची कृत्ये' घडली आहेत इतपत म्हणायला तयार होत्या, पण 'वंशसंहार' म्हणायला बिचकत होत्या, कारण तो शब्द उच्चारला की काहीतरी करावे लागेल अशी वॉशिंग्टनची धास्ती होती. रेडिओच्या लहरी रोखाव्यात ही सूचनाही वॉशिंग्टनकडे आली होती. ती खर्चिक आणि कायदेशीरदृष्ट्या अडचणीची ठरवून बाजूला ठेवली गेली. शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आठ लाख माणसे मारली गेली.

यानंतर मात्र कायदा जागा झाला आणि त्याने जे केले ते थोडे नाही. नोव्हेंबर 1994 मध्ये सुरक्षा परिषदेने न्यायाधिकरण स्थापले; त्याचे कामकाज अरुशातच चालले. तिथे 93 जणांवर आरोप ठेवले गेले. माजी पंतप्रधान जाँ कांबांदा यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना जन्मठेप झाली. वंशसंहारासाठी शिक्षा झालेले ते पहिले सरकारप्रमुख. 2 सप्टेंबर 1998 चा अकायेसू निकाल तर कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. 1948 च्या करारानंतर पन्नास वर्षांनी आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने एखाद्याला वंशसंहारासाठी दोषी ठरवण्याची ती पहिली वेळ. जाँ-पॉल अकायेसू हा पूर्वी शिक्षक, मग ताबा या गावगटाचा प्रमुख. त्याच्यावरील मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. सुनावणीत स्त्री साक्षीदार बोलू लागल्या आणि पीठावरील एकमेव स्त्री न्यायाधीश, भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी नवनीतम पिल्ले, यांनी त्याबाबत थेट प्रश्न विचारले. आरोपपत्र वाढवावे लागले. जमात नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हाही वंशसंहार असू शकतो, हे कायद्यात प्रथमच लिहिले गेले.

याच निकालातली एक नोंद मला त्या ऐतिहासिक व्याख्येइतकीच महत्त्वाची वाटते. एप्रिलच्या सुरुवातीचे काही दिवस अकायेसू कत्तल रोखत होता. बाहेरून येणाऱ्या टोळ्यांना ताबात शिरू देत नव्हता. 18 एप्रिलला हंगामी सरकारच्या पुढाऱ्यांनी प्रमुखांची बैठक घेतली. तिथून परतलेला अकायेसू वेगळा माणूस होता. अंगातला गणवेशही बदलला होता, असे साक्षीदारांनी सांगितले. म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत निदान एका गावगटाचा प्रमुख वाऱ्याची दिशा पाहत होता. ते अकरा दिवस त्याच्यावर दबाव फक्त एकाच बाजूने आला. दुसरी बाजू, म्हणजे आपण सगळे, वंशसंहाराच्या व्याख्येत हे बसते का याची खातरजमा करत होतो.

व्याख्या अवघडच आहे. 1948 च्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक, जातीय किंवा धार्मिक गट 'एक गट म्हणून' पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू दाखवावा लागतो. हेतू कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. न्यायाधीश तो प्रेतांच्या संख्येवरून, भाषणांवरून, पद्धतीवरून अनुमानाने काढतात. त्यामुळे हेतू पुरेसा स्पष्ट होतो तेव्हा प्रेते पडून गेलेली असतात. पण याच कराराच्या नावात 'प्रतिबंध' आधी आहे आणि 'शिक्षा' नंतर. फेब्रुवारी 2007 मध्ये, म्हणजे माध्यम खटल्याच्या अपिलाआधी नऊ महिने, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बॉस्नियाच्या दाव्यात सांगितले की वंशसंहाराचा गंभीर धोका राज्याला कळला, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणी तो थांबवण्याचे कर्तव्य सुरू होते. खातरजमा झाल्यावर नव्हे, धोका दिसताच. बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सा येथील वंशसंहार रोखण्यात सर्बिया चुकला, असे न्यायालय म्हणाले. त्याच परिच्छेदांत एक मख्खी आहे. वंशसंहार प्रत्यक्ष घडल्याशिवाय कर्तव्यभंगाचा ठपका ठेवता येत नाही. सर्बियाला नुकसानभरपाईही भरावी लागली नाही.

दहा वर्षांनी तोच क्रम म्यानमारमध्ये दिसला. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना परके केले. 2015 मध्ये त्यांची तात्पुरती ओळखपत्रे रद्द झाली. रेडिओची जागा फेसबुकने घेतली होती. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. आपण हिंसेची चिथावणी रोखण्यासाठी पुरेसे केले नाही, हे कंपनीने नोव्हेंबर 2018 मध्ये मान्य केले. गांबियाने 2019 मध्ये म्यानमारला हेगच्या त्याच न्यायालयात खेचले आणि जानेवारी 2020 मध्ये अंतरिम आदेश मिळाला. तोवर छावण्या भरून गेल्या होत्या.

मग उपाय काय, द्वेषाच्या शब्दांवर आधीच फौजदारी घाव घालायचा? याबाबतचा इशाराही रवांडाच देतो. 1994 नंतरच्या सरकारने ओळखपत्रावरून जमात काढली, हे योग्यच झाले. पण 'वंशसंहाराची विचारसरणी' हा गुन्हा ठरवणारा कायदा इतका सैल होता की तो विरोधकांवर चालला. विक्तोआर इंगाबिरे या विरोधी नेत्या 2010 मध्ये पकडल्या गेल्या आणि त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 2017 मध्ये आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचे सांगितले. शिक्षेचे माप सैल केले की ते सत्तेच्या हातातले हत्यार होते. म्हणून शिक्षेचे माप कडकच ठेवून इशाऱ्याचे माप वेगळे आणि हलके ठेवावे लागते. शस्त्रे जप्त करणे, याद्या कोण आणि कशासाठी करतो हे विचारणे, विष पेरणाऱ्या वृत्तपत्राला सरकारी जाहिरात न देणे, गावप्रमुखाला 18 एप्रिलच्या आधी फोन करणे. यातल्या कशासाठीही कुणाचा हेतू संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही.

भारताचा या सगळ्याशी संबंध कागदावर जुना आहे. वंशसंहारविरोधी करार आपण 1959 मध्ये मान्य केला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराच्या मतदानात 1998 मध्ये आपण तटस्थ राहिलो. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा वगळलेला उल्लेख हे आपले आक्षेप होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. पण देशातल्या कायद्याचे काय? 1984 च्या दिल्लीतल्या शीख हत्याकांडात हल्लेखोरांच्या हाती मतदारांच्या आणि शिधापत्रिकांच्या याद्या असल्याच्या साक्षी चौकशीत नोंदल्या गेल्या. 17 डिसेंबर 2018 रोजी सज्जन कुमार यांना जन्मठेप देताना दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी लिहिले की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे दोन्ही आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही फट बुजवली पाहिजे. त्यांनी दिल्लीसोबत ज्या सामूहिक हत्यांची नावे घेतली, त्यांत 1993 ची मुंबईही होती.

मुंबई म्हणजे रवांडा नव्हे. तशी तुलना करणे हा दोन्हीकडच्या मृतांचा अवमान ठरेल. पण मुंबईच्या दंगलींच्या चौकशीत श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले 900 मृत्यू आणि वृत्तपत्रांच्या चिथावणीखोर लेखनावर ओढलेले ताशेरे मराठी वाचकाला परक्याच्या घरची गोष्ट म्हणून वाचता येत नाहीत. मुरलीधर यांच्या निकालानंतर पाच वर्षांनी, 2023 मध्ये, संसदेने दीड शतक जुनी दंडसंहिता मोडीत काढून भारतीय न्याय संहिता मंजूर केली. जमावाने जात, समुदाय वा भाषेवरून केलेल्या हत्येसाठी वेगळे कलम आले, संघटित गुन्हेगारीसाठी आले, दहशतवादासाठीही आले. ज्या दोन गुन्ह्यांचे नाव न्यायमूर्तींनी घेतले होते, त्यांचे कलम त्यात नाही.