एकोणीस नाबाद

इ. स. १९८५ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें एका विनोदी गाण्याची तबकडी चांगलीच खपली. तिचें नांव 'न-न-नाइन्टीन नॉट आउट', म्हणजे 'एकोणीस नाबाद'. ती काढणाऱ्यांनीं स्वतःस 'दि कॉमेंटेटर्स' म्हणविलें होतें. परंतु त्यामागें मुख्य कंठ होता तो रोरी ब्रेम्नर नांवाच्या एका तरुण नकलाकाराचा. रिची बेनॉ, जॉन आर्लट यांच्यासारख्या नामांकित क्रिकेट समालोचकांचे उद्गार, त्यांचे विराम, गडी बाद होतांच एकदम चढणारा त्यांचा सूर, हें सारें त्यानें यंत्राच्या ठेक्यावर बसविलें. विषय कोणता म्हणाल, तर इंग्लंडची फजिती! १९८४ सालीं वेस्ट इंडीजनें इंग्लंडला त्याच्याच भूमीवर पांचही कसोटी सामन्यांत हरविलें होतें, आणि कर्णधार डेव्हिड गॉवर यांची त्या मालिकेंतील धावांची सरासरी अवघी एकोणीस भरली होती.

येथवर गोष्ट सोपी आहे. परंतु हें गाणें दुसऱ्या एका गाण्याची नक्कल होतें, आणि तें दुसरें गाणें हंसण्यासारखें मुळींच नव्हतें. पॉल हार्डकॅसल या इंग्रज संगीतकाराचें '१९' हें गाणें त्याच वर्षीं पांच आठवडे ब्रिटनमध्यें प्रथम क्रमांकावर होतें. व्हिएतनामच्या युद्धावरील एका अमेरिकन माहितीपटांतील निवेदकाचे गंभीर शब्द घेऊन त्यानें यंत्रानें त्यांचे तुकडे केले व ते पुनःपुनः वाजविले. त्यामुळें तो एकोणीसचा आंकडाच जणूं बोलतांना अडखळतो. त्या युद्धांत लढणाऱ्या अमेरिकन शिपायाचें सरासरी वय एकोणीस होतें, असें त्यांत सांगितलें होतें. हा हिशेब पुढें वादग्रस्त ठरला. परंतु त्या युद्धांत अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन मेले, आणि व्हिएतनामी माणसें त्याच्या कितीतरी पट मेलीं, याविषयीं वाद नाहीं.

तेव्हां आंकडा एकच. एके ठिकाणीं तो पोराचें वय, दुसऱ्या ठिकाणीं कर्णधाराच्या धावा. हें हंसणें योग्य कीं अयोग्य?

मी स्वतः हें गाणें ऐकून हंसलों आहें, तें लपवीत नाहीं. नकलेला हलकी विद्या समजणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. ज्याला दुसऱ्याचा आवाज उचलावयाचा आहे, त्याला आधीं तो मन लावून ऐकावा लागतो. आपल्याकडे बाळ ज. पंडित यांचें मराठी समालोचन रेडिओवर ऐकून त्याची नक्कल करतां करतां किती मुलांचे कान आणि जीभ तयार झालीं असतील! आणि गॉवर यांच्याविषयीं म्हणाल, तर त्यांची कींव करण्याचें कारण नाहीं. त्याच उन्हाळ्यांत त्यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध सहा कसोट्यांत ७३२ धावा केल्या, सरासरी ८१.३३, आणि इंग्लंडनें ती मालिका ३-१ अशी जिंकली. ज्याची थट्टा झाली त्याच्या हातीं बॅट होती. (आम्हां शिक्षकांच्या नकलाही खुशाल कराव्या, आमच्याही हातीं तपासावयाच्या वह्या आहेत!)

शिपायांचें तसें नाहीं. त्या विनोदी गाण्यांत शिपायांना कोणी हंसत नाहीं, हें मला मान्य आहे. तें क्रिकेटपुरतेंच बोलतें. तरी ज्या घरांतील मुलगा परत आला नाहीं, तेथें तो ठेका वाजला असता तर बापानें रेडिओ बंद केला असता, आणि त्याला रुक्ष म्हणण्याचें धैर्य मला झालें नसतें. उत्तर देण्यास जो उरला नाहीं, त्याची चाल उसनी घेतांना नकलाकारानें क्षणभर तरी थांबावें, असें मला वाटतें. ब्रेम्नर थांबला होता कीं नाहीं, तें तबकडीवर ऐकूं येत नाहीं.

या विषयानें मला आणखी एका अडखळत्या आवाजाची आठवण होते. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या स्नेहसंमेलनास मी पाहुणा म्हणून गेलों होतों. एका विद्यार्थ्यानें समालोचकांच्या नकला फार सुरेख केल्या. टाळ्यांनीं त्याला चेव आला, आणि तो आपल्याच वर्गांतील एका मुलाकडे वळला. त्या मुलाची जीभ शब्दाच्या आरंभींच अडखळत असे. नक्कल हुबेहूब होती. मुलें हंसलीं, पालक हंसले, पहिल्या रांगेंत बसलेला मीही हंसलों. तो मुलगा चौथ्या कीं पांचव्या रांगेंत होता. तोही हंसत होता.

पुढें त्यांच्या वर्गशिक्षकांची भेट झाली तेव्हां मीं सहज त्याची चौकशी केली. संमेलनापासून हजेरीच्या वेळीं तो 'हजर' म्हणत नाहीं, नुसता हात वर करतो, असें ते म्हणाले.