गाडीचा धूर काय सांगतो?

तर्कशास्त्राच्या पुस्तकात अनुमानाचे एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे. वर्गात हे सांगितले की मुले जांभया देतात. पण हाच धूर आपल्या मोटारीच्या सायलेन्सरमधून येऊ लागला की प्रश्न थेट खिशाला भिडतो. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. निळा असेल तर ऑईल जळते आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिली पाच मिनिटे पांढरी वाफ दिसली तर काळजी नको; इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही, तर मात्र रेडिएटरचे पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो. आज यांपैकी पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांच्या बिघडलेल्या मेळाविषयी लिहितो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्याहून हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’, हवा जास्त झाली की ‘लीन’. गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. शेगडीची ज्योत निळी असते तोवर सगळे ठीक. तीच पिवळी होऊन भांड्यांची बुडे काळी करू लागली की हवा कमी पडते आहे, हे त्या पाहताक्षणी ओळखतात.

मिश्रण रिच असेल तर गाडीमागे पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज घटते, प्लगवर काजळी धरते. फार दिवस असेच चालले तर डिपस्टिकवरच्या ऑईललाही पेट्रोलचा वास येऊ लागतो. लीन असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, चढावर दम सोडते, कधी इनटेककडून फटकन आवाज येतो. प्लग पांढराफटक दिसतो. चांगल्या प्लगचा रंग दुधाच्या कॉफीसारखा फिकट तपकिरी. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरच्या काळातले मिस्त्री प्लग काढून, उजेडात धरून, एवढ्यावरच निदान करत. मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे करून ते मोकळे होत.

आताच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. १९७६ साली व्होल्वो गाड्यांत तो प्रथम आला, आता आपल्या लहान गाड्यांतही असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती किती टक्के चालली आहे, त्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. स्कॅनर जोडला की तो आकडा दिसतो. पाच टक्क्यांपर्यंत अधिक किंवा उणे असेल तर ठीक. दहाच्या पुढे गेला तर शंका घ्यावी. अधिक चिन्ह म्हणजे मिश्रण लीन वाटल्यामुळे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आहे. उणे म्हणजे उलट. आकडा फारच वाढला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि स्कॅनरवर कोड उमटतो. पी०१७१ म्हणजे लीन, पी०१७२ म्हणजे रिच.

इथेच माझा विषय आडवा येतो. न्यायशास्त्रात ‘हेत्वाभास’ नावाचा प्रकार आहे. कारण खरे वाटते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त ऑक्सिजन. समजा, एका सिलिंडरचा प्लग पेटलाच नाही. आतले पेट्रोल न जळता बाहेर पडते, पण त्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन फार, म्हणजे मिश्रण लीन. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. गाडीमागे पेट्रोलचा वास आणि स्कॅनरवर लीनचा कोड, अशी विसंगती दिसली की हे आधी तपासावे. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा पाईप तडकला असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊनही असाच फसवा निरोप जातो.

आमच्या शेजारच्या निवृत्त काकांच्या जुन्या गाडीला लीनचा कोड आला. एका वर्कशॉपने सेन्सर बदलला. काकांनी पेन्शनमधून बिल भरले आणि आठव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मग गाडी उद्यमबागेजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. मीही सोबत होतो. त्यांनी स्कॅनर लावला, पण कोडकडे फारसे पाहिले नाही. गाडी आयडलिंगला ठेवली, ट्रिम अधिक बावीस. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेले, ट्रिम अधिक चार. “बघा की सर,” ते म्हणाले, “पळताना बरी, उभी राहिली की आजारी. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत येते.” ब्रेक बूस्टरच्या रबरी पाईपला मॅनिफोल्डच्या तोंडाशी चीर गेलेली निघाली. पाईप बदलला, दिवा गेला. काका म्हणाले, “हे आधी का नाही कुणी बघितलं?” मिस्त्री नुसते हसले.

त्यामागचे कारण सोपे आहे. या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर होता. त्याच्या पुढच्या चिरेतून शिरलेली हवा हिशेबात धरलीच जात नव्हती. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेते, म्हणून तेवढी चोरटी हवाही मोठी ठरते. वेगात ती नगण्य होते. ज्या गाड्या हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांत अशी गळती बहुधा चढलेल्या आयडलिंगवरून कळते. उलट आयडलिंगला सगळे ठीक आणि चढावर, भर वेगात ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल. रिचचेही तसेच. इंजिन तापूनही गाडी रिचच चालत असेल तर कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर पाहावा. तो इंजिन थंड असल्याचे सांगत राहिला, तर कॉम्प्युटर थंड इंजिनाला देतात तसे जास्त पेट्रोल देत राहतो. जुन्या गाडीचा चोक ओढून विसरावा, तसाच हा प्रकार. गळका इंजेक्टरही तपासावा.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. बेळगाव जिल्हा उसाचा. उसापासून इथेनॉल होते आणि ते पेट्रोलमध्ये जाते. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून अशा मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरची जुनी गाडी मात्र आपोआप सुमारे आठ टक्के लीन होते. कुणी आजोबांची पद्मिनी हौसेने सांभाळली असेल, तर मिस्त्रींकडून कार्बोरेटर नव्याने लावून घ्यावा आणि जुने रबरी पाईप बदलावेत, कारण इथेनॉलने जुने रबर लवकर खराब होते. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. तेव्हा ॲव्हरेज पाच-सहा टक्क्यांनी उतरले, एवढ्यावरून गाडी रिच झाली असे ठरवू नये. हाही हेत्वाभासच.

दुर्लक्षाची किंमत मात्र मोठी आहे. रिच गाडी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. लीन गाडी जास्त तापून आतले व्हॉल्व्ह बिघडवते. आणि रिच मिश्रणातून कार्बन मोनॉक्साईड अधिक निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून मुलांना आत बसवण्याची सवय काही घरांत असते, ती आजच मोडावी.

गाडी दाखवायला नेताना वहीत तीन गोष्टी लिहून न्या. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीला की पळताना? पेट्रोलचा वास येतो की नाही? आणि कुणी कोड पाहताच पार्ट बदलायला निघाला, तर त्याला नम्रपणे विचारा, “हे कशावरून?” आमच्या शास्त्रातला हा सर्वांत जुना प्रश्न आहे. तो विचारायला पैसे पडत नाहीत.